पिंजरा रिकामा निघाला, तर वहीत काय लिहायचं?

डोंगरातल्या एखाद्या तळ्याकाठी संध्याकाळी चाळीस सापळे लावले आणि सकाळी त्यातल्या दोनच सापळ्यांत उंदीर मिळाले, तर बहुतेक माणसं वहीत दोन उंदीर लिहितील आणि पुढच्या कामाला लागतील. उरलेल्या अडतीस रिकाम्या सापळ्यांची आठवणही कुणी ठेवणार नाही. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात फिरणाऱ्या काही निसर्ग-अभ्यासकांनी मात्र ती ठेवली. किती सापळे लावले, कुठे लावले, किती रात्री ठेवले, हे सगळं ते लिहीत गेले. पृथ्वी तापत चालल्याने डोंगरावरचे प्राणी सरकले का, किती सरकले, कोण सरकलं नाही, हे आज आपण आकड्यांत सांगू शकतो. त्यात त्या रिकाम्या सापळ्यांच्या नोंदींचा वाटा फार मोठा आहे. हे कसं घडलं, ते या लेखात नीट उलगडून सांगायचं आहे.

ही जागा म्हणजे योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख. पश्चिमेला सपाट, उष्ण सॅन वाकीन खोरं. तिथून पूर्वेकडे चढत गेलं की आधी ओकची झाडं, मग पाइन आणि फरची दाट जंगलं, मग झाडं खुरटी होत जातात आणि शेवटी नुसता ग्रॅनाइट. सगळ्यांत उंच माउंट लायल, जवळपास ४,००० मीटर. शिखररांगेच्या पलीकडे कडा तुटल्यासारखा उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोरड्या प्रदेशात मोनो लेक हे खारं सरोवर आहे, ज्यातून पाणी बाहेर पडायला नदीच नाही. वरच्या पट्ट्यात हिमनद्यांनी कोरलेली तळी जागोजाग आहेत. टेनाया लेक सुमारे २,५०० मीटरवर, तर व्होगलसँग लेक ३,१०० मीटरच्याही वर.

अशा तळ्याकाठी उभं राहिलं की लहान सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाला ही जागा इतकी सोयीची का, ते कळतं. पाण्यालगत ओलं गवत असतं. त्यात व्होल नावाचे आखूड शेपटीचे गवती उंदीर बोगद्यासारख्या वाटा करून राहतात. वाहत्या ओहोळात पाणचिचुंद्री असते, जिच्या दाट केसांत हवा अडकून राहते आणि बुडी मारली तरी अंग भिजत नाही. थोडं वर दगडांची रास लागते. तिथे पायका राहतो, दिसायला बिनशेपटीच्या उंदरासारखा, पण कुळाने सशाचा भाऊबंद. तो हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून उन्हाळाभर गवत कापून दगडांखाली साठवतो. त्याच दगडांत झुपकेदार शेपटीचा वुडरॅट असतो. पलीकडच्या पाइनमध्ये चिपमंक, म्हणजे पाठीवर आणि गालावर पट्टे असलेल्या छोट्या खारी. काही मिनिटं चाललं तरी चार-पाच वेगळी घरं ओलांडून होतात. अभ्यासकांचे तंबू तळ्याकाठी पडत, ते खेचरांना पाणी मिळावं म्हणून तर होतंच, पण या कारणानेही.

पण अस्वल, हरीण सोडून उंदीर-चिचुंद्रीच का? मोठा प्राणी एका दिवसात कित्येक किलोमीटर फिरतो. तो एखाद्या ठिकाणी दिसला याचा अर्थ तो तिथे राहतो असा होत नाही. तीस-चाळीस ग्रॅमचा चिपमंक सगळं आयुष्य एका लहानशा टापूत काढतो. त्याला तिथलं तापमान सोसावं लागतं, तिथलंच खावं लागतं. त्याची पिढी लवकर बदलते, म्हणून परिस्थिती बिघडली तर परिणाम थोड्या वर्षांत दिसतो. घुबड, कोल्हा, मुंगसासारखा दिसणारा वीझल, सगळ्यांचं पोट या लहान जिवांवर चालतं. त्यामुळे लहान सस्तन प्राणी कुठपर्यंत राहतात याची रेषा म्हणजे त्या डोंगराच्या प्रकृतीचं बऱ्यापैकी विश्वासार्ह माप असतं.

त्यातही डोंगराचा आणखी एक फायदा आहे. वर चढलं की हवा थंड होते, सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल. सपाट प्रदेशात तीन अंश थंड जागा शोधायची तर शेकडो किलोमीटर उत्तरेला जावं लागेल. डोंगरात अर्धा किलोमीटर वर चढलं की ती मिळते.

आता माणसांकडे येऊ. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९०८ साली पृष्ठवंशीय प्राण्यांचं एक संग्रहालय सुरू झालं. कल्पना आणि पैसा ॲनी अलेक्झांडर या बाईंचा. त्यांचे वडील हवाईमधल्या साखरेच्या धंद्यात श्रीमंत झालेले. ॲनीबाई नुसत्या देणगीदार नव्हत्या. त्या स्वतः बंदूक आणि सापळे घेऊन महिनोन्‌महिने रानात राहत, नमुने तयार करत, आणि हे काम त्यांनी म्हातारपणीही सोडलं नाही. १९०८ साली एका बाईने हे करणं काय असेल, याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. संग्रहालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांनी निवडला जोसेफ ग्रिनेल हा तिशीतला तरुण. ग्रिनेल १९३९ मध्ये वारले, तोवर त्या जागेवर होते.

ग्रिनेल यांच्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्निया भराभर बदलत होता. शेती वाढत होती, जंगलं तुटत होती, नद्या वळवल्या जात होत्या. १९१० साली त्यांनी एका लेखात स्पष्ट लिहिलं की आपल्या संग्रहालयाची खरी किंमत पुष्कळ वर्षांनी, कदाचित शंभर वर्षांनी कळेल, कारण तेव्हाच्या अभ्यासकाला आज इथे कोणते प्राणी कसे राहत होते याची मूळ नोंद मिळेल. अट एकच, ती नोंद नीट जपली गेली पाहिजे. ज्याचा उपयोग आपण हयात असताना होणारच नाही, अशा कामासाठी त्यांनी कडक शिस्त बसवली.

त्या शिस्तीला आज ग्रिनेल पद्धत म्हणतात. तिचे तीन भाग. पहिला भाग रोजनिशीचा. तारीख, जागा, हवामान, झाडोरा, वाट, आणि दिवसभरात काय केलं. दुसरा भाग एकेका जातीच्या नोंदींचा. एका जातीसाठी वेगळं पान, त्यात ती कुठे दिसली, काय खात होती, कशी ओरडली, पिल्लं होती का. तिसरा भाग नमुन्यांच्या यादीचा. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, लिंग, वजन आणि मापं, म्हणजे एकूण लांबी, शेपूट, मागचा पाय, कान. तोच क्रमांक नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर. शाई न पुसणारी, कागद टिकाऊ, आणि लेखन त्याच दिवशी. उद्यावर ढकललं की स्मरणशक्ती घटनांना गुळगुळीत करते, हे त्यांना ठाऊक होतं. कोणती गोष्ट पुढे मोलाची ठरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळंच लिहा, असा त्यांचा आग्रह असे.

योसेमिटीचं मोठं काम १९१४ ते १९२० या वर्षांत झालं. पश्चिमेच्या खोऱ्यातलं स्नेलिंग गाव हे एक टोक आणि मोनो लेक हे दुसरं. या दोहोंमध्ये डोंगर ओलांडून जाणारा एक पट्टा आखला आणि त्या पट्ट्यावर जवळपास चाळीस ठिकाणी मुक्काम केले. खाली ओकच्या टेकड्या, मध्ये योसेमिटी दरी, वर मर्सेड लेक, टुओलुमी कुरणं, व्होगलसँग लेक, लायल खोरं. ग्रिनेल यांच्याबरोबर ट्रेसी स्टोरर, वॉल्टर टेलर, चार्ल्स कॅम्प, जोसेफ डिक्सन अशी मंडळी होती. चार हजारांहून जास्त नमुने, दोन हजारांच्या आसपास पानांच्या नोंदी आणि शेकडो छायाचित्रं गोळा झाली. १९२४ साली ग्रिनेल आणि स्टोरर यांनी या सगळ्यावरून योसेमिटीच्या प्राणिजीवनावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

रोजचं काम कष्टाचं होतं. संध्याकाळ होण्याआधी सापळे घेऊन निघायचं आणि ओळीने ते लावत जायचं, गवताच्या बोगद्यात, ओंडक्याच्या कडेला, दगडांच्या फटीत. आमिष म्हणून धान्याचा भरडा किंवा तसंच काही. पहाटे लवकर फेरी, कारण उशीर झाला की मुंग्या आणि पक्षी नमुना खराब करतात. मग दिवसभर कातडी सोलून, आत कापूस भरून, मापं घेऊन, चिठ्ठी बांधून नमुने वाळत ठेवायचे. कवटी वेगळी जपायची, कारण दातांच्या आणि कवटीच्या रचनेवरून जात नक्की होते. रात्री कंदिलाच्या उजेडात लेखन.

हे सापळे मारणारे होते, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आजच्या वाचकाला ती खटकेल आणि खटकायलाही हवी. त्या काळी दुर्बिणी बेताच्या होत्या आणि दोन चिपमंकांमधला फरक हातात नमुना असल्याशिवाय सांगणं अवघड होतं. एवढं मात्र नक्की की घेतलेला प्रत्येक जीव त्यांनी नोंदीसकट जपला. त्याच कातड्यांतून शंभर वर्षांनंतर काय बाहेर आलं, ते पुढे येईलच.

२००३ साली, बरोबर त्याच संग्रहालयातल्या संशोधकांनी, ग्रिनेल यांच्या वह्या हातात घेऊन त्याच मुक्कामांवर जायला सुरुवात केली. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक क्रेग मॉरिट्झ, उंदीरवर्गीय प्राण्यांचे जाणकार जेम्स पॅटन, आणि इतर. जुने नकाशे, छायाचित्रं आणि रोजनिशीतली वर्णनं जुळवून मूळ जागा शोधल्या. आता सापळे बदलले होते. शर्मन सापळा म्हणजे पातळ ॲल्युमिनियमची घडीची पेटी. आत ओट आणि शेंगदाण्याचं लोणी ठेवतात, प्राणी आत गेला की दार मिटतं, तो जिवंत राहतो. मोजमाप करून बहुतेकांना सोडून देता येतं. चिचुंद्रीसाठी मात्र वेगळी काळजी. तिचं शरीर इतक्या वेगाने अन्न जाळतं की काही तास उपाशी राहिली तरी ती दगावते, म्हणून फेऱ्या वारंवार माराव्या लागतात.

चार उन्हाळ्यांचं काम झालं आणि खरी अडचण तिथे उभी राहिली. समजा एक जात १९१५ साली एका तळ्याकाठी मिळाली होती आणि २००५ साली मिळाली नाही. ती तिथून गेली, असं म्हणायचं? की ती आहे, पण या वेळी सापळ्यात आली नाही? आणि उलटही. आज मिळाली, तेव्हा मिळाली नव्हती, म्हणजे ती नव्याने आली, की तेव्हाच्या लोकांना चुकली? सगळा निष्कर्ष या एका गाठीवर अडतो.

गाठ सुटते ती साध्या हिशोबाने. धरून चालू की एखादा उंदीर जिथे आहे, तिथे एका रात्रीत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. म्हणजे एका रात्रीत तो हुकण्याची शक्यता ७० टक्के. दोन रात्री लागोपाठ हुकण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. चार रात्री हुकण्याची साधारण २४ टक्के. दहा रात्री सापळे लावूनही तो मिळाला नाही, तर हुकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्याही खाली येते, आणि तो तिथे नाहीच असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. आता एखादी लाजरी जात घ्या, जी रात्रीला फक्त १० टक्के सापडते. तिच्या बाबतीत चार रात्री रिकाम्या गेल्या तरी हुकण्याची शक्यता ६५ टक्क्यांहून जास्त उरते. म्हणजे तेवढ्या रात्रींवरून ती नाही असं म्हणणं चूक.

मग ही ३० किंवा १० टक्के शक्यता आणायची कुठून? तीही वहीतूनच येते. एखाद्या ठिकाणी एखादी जात पहिल्या रात्री मिळाली, दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्या रात्री पुन्हा मिळाली, अशा नोंदी पुष्कळ ठिकाणांच्या असल्या की ती जात असूनही किती वेळा हुकते हे मोजता येतं. जुन्या काळाचं वेगळं, नव्या काळाचं वेगळं, कारण सापळेच वेगळे. पण हे करायचं तर रात्री आणि सापळे मोजून लिहिलेले असायला हवेत. नुसती मिळालेल्या प्राण्यांची यादी असती, तर हा हिशोब मांडताच आला नसता. जगातल्या कितीतरी संग्रहालयांत त्याच काळातले सुंदर नमुने आहेत, पण त्यांच्याबद्दल नेमकं हेच लिहिलेलं नाही, आणि म्हणून ते या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाहीत. ग्रिनेल यांना संगणक किंवा हे गणित माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे आपण किती शोधलं ते लिहिलं, एवढंच.

निष्कर्ष २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिशोबाला पुरेशी माहिती होती अशा २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या हद्दी वर सरकल्या होत्या, सरासरीने सुमारे ५०० मीटर. या शतकात तिथलं किमान तापमान सुमारे तीन अंशांनी वाढलं आहे. आता मघाचा आकडा आठवा. दर किलोमीटरला ६.५ अंश, तर तीन अंशांसाठी साधारण ४६० मीटर. प्राणी जितके चढले, तितकाच डोंगर तापला होता.

योसेमिटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १८९० साली मिळाला. तिथे मधल्या काळात शेती झाली नाही, शहरं उभी राहिली नाहीत. म्हणूनच हा निकाल इतका वजनदार आहे. दुसरीकडे कुठे प्राणी सरकले असते, तर माणसाने जागा घेतली असेल असं म्हणायला वाव राहिला असता. अर्थात संरक्षित जंगलही जसंच्या तसं राहत नाही. तिथले मूळ रहिवासी ठरवून वणवे लावत, ते बंद पडले, पुढे नैसर्गिक आगीही विझवल्या गेल्या, आणि काही भागांत झाडी दाट झाली. खालच्या उंचीवरच्या काही बदलांत याचाही हात असणार.

सगळे प्राणी एका सुरात वर गेले असं मात्र झालं नाही, आणि मला या अभ्यासातला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खालच्या उंचीवरचा पिन्यन माउस, मोठ्या कानांचा उंदीर, आपली वरची हद्द पाचशे मीटरांहून जास्त वाढवून बसला. त्याचं राज्य पसरलं. अल्पाइन चिपमंकाची, जो फक्त सिएरा नेवाडाच्या माथ्यावर राहतो, खालची हद्द सुमारे सहाशे मीटरनी वर गेली. त्याचं राज्य आक्रसलं. दोघेही वरच सरकले, पण एकाला जमीन मिळाली आणि दुसऱ्याची गेली, कारण डोंगर वर जाताना निमुळता होतो आणि माथ्यापुढे डोंगरच नसतो. झुपकेदार शेपटीच्या वुडरॅटचं तर दोन्ही बाजूंनी आखडलं, खालची हद्द वर आली आणि वरची खाली. आणि साधा डिअर माउस, जो पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळीकडे असतो, तो जिथे होता तिथेच आहे.

पुढे याच गटाने सिएरा नेवाडाचा दक्षिण भाग आणि उत्तरेचा लासेन परिसर हे जोडून २०१५ मध्ये मोठं चित्र मांडलं. ३४ जातींपैकी २५ जाती निदान एका भागात तरी सरकलेल्या दिसल्या. पण एकच जात एका भागात वर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात स्थिर असंही आढळलं. म्हणजे तापमान एवढा एकच धागा धरून पुढचं भाकीत करणं धोक्याचं. पाऊस, बर्फ, झाडोरा, शेजारची स्पर्धा हे सगळं त्यात येतं. स्पर्धेचा हा विचार ग्रिनेल यांनीच फार आधी मांडला होता. एकाच प्रकारचं अन्न खाणाऱ्या दोन जाती एका जागी फार काळ बरोबरीने टिकत नाहीत, एक दुसरीला हटवते, असं त्यांनी १९०४ सालीच लिहिलं. प्रत्येक जातीची निसर्गात स्वतःची एक खास जागा असते, ही आज शाळेच्या पुस्तकात आलेली कल्पनाही त्यांनी १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्याच्या अभ्यासात वापरली.

आता त्या जुन्या कातड्यांची गोष्ट. एमिली रुबिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रिनेल यांच्या काळातल्या चिपमंकांच्या कातड्यांचे बारीक तुकडे घेऊन त्यातून डीएनए काढला आणि आजच्या चिपमंकांशी ताडून पाहिला. हुशारी अशी की त्यांनी दोन जाती घेतल्या. एक अल्पाइन चिपमंक, ज्याची हद्द आक्रसली. दुसरा त्याचाच शेजारी लॉजपोल चिपमंक, ज्याची हद्द फारशी बदलली नाही. शंभर वर्षांत दुसऱ्याच्या जनुकांची विविधता जवळपास तशीच राहिली होती. अल्पाइन चिपमंकाची मात्र घटली होती, आणि वेगवेगळ्या माथ्यांवरच्या त्याच्या वस्त्या एकमेकींपासून जास्त तुटल्या होत्या. कारण समजायला सोपं आहे. खालची हद्द वर गेली की दोन शिखरांच्या मधली खिंड राहण्याजोगी उरत नाही. येणं-जाणं थांबतं. प्रत्येक शिखरावरची टोळी आपल्यातच वाढते आणि जनुकांचा साठा हळूहळू कमी होतो. संख्या मोजून हे दिसलं नसतं. वरवर पाहता माथ्यावर चिपमंक भरपूर दिसतात, पण उद्या एखादा रोग आला किंवा आणखी दोन अंश तापलं, तर झेलायला लागणारी आतली शिल्लक कमी झालेली असते. हा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला.

ग्रिनेल यांची माणसं सिएरा नेवाडात फिरत होती, अगदी त्याच वर्षांत आपल्याकडेही असंच मोठं काम चाललं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि ते १९२३ पर्यंत चाललं. त्याची सुरुवातच खानदेशातून झाली. क्रम्प नावाचे संग्राहक तिथे पहिल्यांदा गेले आणि पुढे वऱ्हाड व इतर मुलूख आले. त्यात जमवलेले उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळं आजही मुंबईत आणि लंडनमध्ये जपून ठेवलेली आहेत. खानदेशच्या त्या जुन्या मुक्कामांवर पुन्हा जाऊन, सापळे आणि रात्री मोजून, कुणी तरुण अभ्यासक काम करील तर मला मनापासून आनंद होईल. सह्याद्रीतही माथ्यावर अडकलेले प्राणी आहेतच. पुण्याजवळच्या सिंहगडावरचा मऊ केसांचा उंदीर, मिलार्डिया कोंडाना, १९७५ साली पुण्यातल्या विषाणू-संशोधकांनी शास्त्राला नवीन म्हणून नोंदवला. गडाच्या पठारावरून तो ओळखला जातो आणि जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून त्याचं नाव आलं आहे. त्याच्या वरती चढायला आणखी डोंगर नाही. शिवाय गडावर सुट्टीच्या दिवशी किती गर्दी लोटते, ते पुणेकरांना सांगायला नको.

भारतात रानटी प्राणी पकडायला वनविभागाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण नोंद ठेवायला सापळाच हवा असं नाही. भीमाशंकरच्या जंगलात शेकरूची घरटी झाडांवर खालून दिसतात आणि ती मोजता येतात. कुणाला हौस असेल तर एक ठरावीक वाट धरावी आणि दर वर्षी त्याच महिन्यात ती चालावी. वहीत तारीख, वाटेचं सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण, किती वाजता निघालो, किती वाजता पोहोचलो, बरोबर किती जण होते, पाऊस होता की ऊन, हे आधी लिहावं. मग घरटी, त्यातली वापरातली किती वाटली, शेकरू प्रत्यक्ष दिसलं का. आणि ज्या दिवशी तीन तास चालून काहीच दिसलं नाही, त्या दिवशीही तेच सगळं रकाने भरून लिहावं, आणि आकड्याच्या जागी शून्य.